पडद्यावरचा वाडा

माझी मुलगी नववीत आहे. यंदा ती इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला बसते आहे. तिच्या चित्रकलेच्या सरांनी तिला घरी पाहण्यासाठी विलायती चित्रांचे एक जुने पुस्तक दिले. त्याचे कव्हर निघालेले होते आणि मधली पाने सुटली होती. एके रात्री जेवणे झाल्यावर ती पुस्तक घेऊन माझ्याजवळ आली आणि एका चित्रावर बोट ठेवून म्हणाली, "पप्पा, हे गाव कुठे आहे? आपल्याला जाता येईल का?"

चित्रात मोठमोठे दगडी खांब होते. काही उभे, काही मोडून खाली पडलेले. एका बाजूला घुमटाची इमारत, मागे एक उंच मनोरा, कमानींवर उगवलेले गवत आणि वर संध्याकाळचे पिवळसर आभाळ. खाली कोपऱ्यात मुंगीएवढी माणसे.

मी बी.कॉम. झालेला कारकून माणूस. चित्रकलेशी माझा संबंध रजिस्टरवर रेघा मारण्यापुरता. पण पोरीने विचारले म्हटल्यावर "माहीत नाही" म्हणून गप्प बसणे मला जमत नाही. सरांना जाऊन भेटलो, वाचनालयात बसलो, मिळेल ते वाचले. तेव्हा कळले की ते गाव कुठेच नाही! चित्रातली एकेक इमारत खरी, सगळ्या इटलीतल्या रोम शहरातल्या. पण त्या एकमेकींच्या शेजारी कधीच नव्हत्या. चित्रकाराने त्या आपल्या मनाने उचलून एका जागी आणून ठेवल्या होत्या. अशा चित्राला इटालियन भाषेत 'काप्रिच्चो' म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर लहर.

हा चित्रकार म्हणजे जोव्हान्नी पाओलो पानिनी. जन्म १६९१, मृत्यू १७६५. गाव पिआचेन्झा, पण सारी हयात रोममध्ये गेली. रोमचे जुने साम्राज्य बुडून तेराशे वर्षे होत आली होती. राजवाडे पडले होते, देवळांचे दगड लोकांनी घरे बांधायला नेले होते. ज्या चौकात एके काळी सम्राटांच्या मिरवणुका निघत, त्या जागेला पानिनीच्या काळातले लोक 'काम्पो व्हाच्चिनो', म्हणजे गुरांचे मैदान म्हणत. तिथे गुरे बांधलेली असत, त्यांचा बाजार भरे. हे वाचले आणि मला आपल्याकडचा बैलबाजारच आठवला. सम्राटाचे नाव गेले आणि गुरांचे राहिले!

या पडक्या जागांची चित्रे विकत कोण घेई? मुख्यतः इंग्लंडचे जमीनदार. त्यांची तरुण मुले शिक्षण पुरे करायला म्हणून वर्ष-दोन वर्षे युरोपात फिरत आणि शेवटी रोमला येत. परत जाताना आठवण म्हणून चित्र घेत. एका चित्रात एक इमारत घेण्यापेक्षा सगळ्या एकत्र मिळाल्या तर कोणाला नको? पानिनीने तर १७५७ साली एका चित्रात भले मोठे दालन काढून त्याच्या भिंतींवर जुन्या रोमची कितीतरी चित्रे टांगलेली दाखवली. त्याचे नाव 'प्राचीन रोम'. ते आज अमेरिकेत न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

वाचकहो, हे परक्यांचे म्हणून हसण्यावारी नेऊ नका. ६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर गेल्यावर आपण काय आणतो? एकाच फ्रेममध्ये मधोमध भगवान बुद्ध, बाजूला बाबासाहेब, मागे सांचीचा स्तूप, बुद्धगयेचे विहार आणि दिल्लीचे संसद भवन. मध्य प्रदेश, बिहार आणि दिल्ली एका हातभर कागदावर! त्या जागा शेजारीशेजारी नाहीत हे आपल्याला पक्के ठाऊक असते. तरी ती तसबीर आपल्याला खोटी वाटत नाही. आपल्या मनात त्या जागा शेजारीशेजारीच असतात.

पानिनी एकटाच नव्हता. बेल्लुनोचा मार्को रिच्ची (१६७६–१७३०) हा त्याच्या आधीचा. त्याच्या चित्रांत पडक्या कमानींखाली धुणे धुणाऱ्या बाया, गुराखी आणि भिकारी दिसतात. व्हेनिसचा कानालेत्तो (१६९७–१७६८) आणखी पुढे गेला. व्हेनिसच्या रिआल्तो पुलासाठी पल्लादिओ नावाच्या वास्तुशिल्पीने एक आराखडा केला होता. तो मंजूर झाला नाही आणि पूल दुसऱ्याच पद्धतीने बांधला गेला. कानालेत्तोने चित्रात नामंजूर झालेला पूल बांधून टाकला आणि त्याच्या बाजूला व्हिचेन्झा या दुसऱ्या शहरातल्या पल्लादिओच्याच दोन इमारती आणून उभ्या केल्या! पिरानेसी (१७२०–१७७८) तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापायची चित्रे करी. त्याने तर कुठेच नसलेले तुरुंग काढले. जिने वर चढतात आणि कुठेच पोहोचत नाहीत. ते पाहून मुलगी म्हणाली, "पप्पा, हे तुमच्या ऑफिससारखं आहे." मी विषय बदलला.

एका रविवारी आम्ही दोघे हिंगणीला गेलो. कोपरगावकरांना हिंगणी सांगायला नको. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्या कोपरगावात गोदावरीच्या काठी रघुनाथराव पेशव्याचे, म्हणजे राघोबादादाचे वाडे आहेत. एक शहरात आणि दुसरा जवळच हिंगणीला. १७८२ च्या सालबाईच्या तहाने इंग्रजांनी राघोबाची बाजू सोडली. महिना २५,००० रुपये तनखा ठरला आणि राघोबा कोपरगावी येऊन राहिला. ११ डिसेंबर १७८३ रोजी तो वारला. म्हणजे ज्या माणसाच्या नावाने कोपरगाव इतिहासात ओळखले जाते, तो इथे पराभूत होऊन आला आणि थोड्याच दिवसांत संपला. त्याचा मुलगा दुसरा बाजीराव हा शेवटचा पेशवा. त्याच्या फौजेला १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला काय अनुभव आला, हे आपल्या घरातल्या लहान पोरालाही पाठ आहे.

हिंगणीला पोहोचलो तेव्हा दहा वाजले असतील. नदीला पाणी बेताचेच होते. भिंतीच्या सावलीत शेळ्या बसलेल्या, दगडांच्या सांध्यांतून पिंपळ फुटलेला. पलीकडे एक बाई पाण्यात दगडावर गोधडी आपटत होती आणि तो आवाज भिंतीवर आदळून परत येत होता. मुलगी थबकली. "पप्पा, सगळं त्या पुस्तकातल्यासारखंच आहे," म्हणाली. मलाही तसेच वाटले. फक्त उसाचा ट्रॅक्टर त्या पुस्तकात नव्हता.

तिने वही काढली. सरांनी तिला या चित्रांतली खुबी सांगून ठेवली होती. कोपरगावच्या स्टेशनवर उभे राहून मनमाडकडे पाहिले तर दोन रूळ दूर जाऊन एका बिंदूत मिळाल्यासारखे दिसतात. चित्रातल्या खांबांच्या, पायऱ्यांच्या रेषाही तशाच एका बिंदूकडे नेल्या की कागदाला खोली येते. पुढचा भाग सावलीत काळपट ठेवायचा आणि मधल्या भागावर ऊन पाडायचे. आणि माणसे मुद्दाम लहान काढायची. माणूस जितका लहान, तितका खांब उंच.

त्या माणसांवर मी बराच वेळ अडकलो. पुस्तकात चित्राखाली इमारतींची नावे होती. त्या माणसांबद्दल मात्र एक ओळही नव्हती. ती धुणेवाली कोण, तो गुराखी कुणाचा, याची चौकशी कोणी केली नव्हती. चित्रकाराला ती हवी होती दगड मोजायला. आपल्या आज्या-पणज्यांना त्या माणसांची जागा नवी नाही. वाड्याच्या भिंतीला लागून, उन्हात, कामात. पेशवाईत वाड्याची पायरी चढणे आपल्या माणसांच्या नशिबी नव्हते. माझी आजी तर पेशवाई संपून शंभर वर्षांनी जन्मली, तरी गावातल्या मोठ्या वाड्यात शेण-सारवणाला जाताना ती मागच्या दारानेच जाई. जोत्याला हात लागू नये म्हणून टोपले कसे धरायचे, हे ती आम्हाला हसत हसत करून दाखवायची. तेव्हा आम्हीही हसायचो.

आता चित्रांची ही रीत आपल्या मुलखात कशी आली ते सांगतो, कारण त्यात आपल्या लेण्यांचा संबंध आहे.

राघोबाच्या मागे दहा-बारा वर्षांत पुण्याच्या दरबारात चार्ल्स मॅलेट नावाचा इंग्रज रेसिडेंट होता. त्याच्या आश्रयाला जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार होता. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची त्याने काढलेली चित्रे प्रसिद्ध आहेत. त्याच काळात पुण्यात विलायती पद्धतीची चित्रकला शिकवण्याची शाळा निघाली आणि तिथे गंगाराम चिंतामण तांबट नावाचा आपला मराठी कारागीर तयार झाला. गंगारामने मॅलेटसाठी वेरूळला जाऊन लेण्यांची चित्रे काढली. ती आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. वेल्स १७९५ साली वारला. त्याच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियल या इंग्रज चित्रकाराने १८०३ साली लंडनला वेरूळची २४ चित्रे छापली.

हा डॅनियल आपल्या पुतण्यासह हिंदुस्थानभर फिरलेला, पण वेरूळला स्वतः गेलेला नव्हता! दुसऱ्याच्या रेखाटनांवरून त्याने डोंगर, झाडे आणि आभाळ रंगवले. पानिनीचीच वाट त्याला ठाऊक होती. लंडनच्या थॉमस होप नावाच्या श्रीमंत माणसाकडे पानिनीचे रोमचे चित्र होते. त्याला जोड म्हणून होपने डॅनियलकडून एक चित्र करवून घेतले. त्यात हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या ठिकाणच्या देवळे-मशिदींच्या इमारती एका जागी आणलेल्या. म्हणजे आपल्या देशाचाही काप्रिच्चो झाला.

त्या २४ चित्रांच्या पुस्तकाचे नाव मात्र ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्यात वेरूळच्या डोंगराला 'हिंदू लेणी' म्हटले आहे. वेरूळला आज ३४ लेण्यांना क्रमांक आहेत आणि त्यांतली पहिली १२ बौद्ध आहेत. दहावे लेणे चैत्यगृह. त्याच्या छतावर लाकडी वाशांसारख्या दगडी फासळ्या कोरल्या आहेत, म्हणून लोकांनी त्याला 'सुताराची झोपडी' म्हटले. आत स्तूपापुढे भगवान बुद्ध पाय खाली सोडून धम्म सांगत बसले आहेत. बारावे लेणे तीन मजली, भिक्खूंच्या राहण्या-शिकण्याचे. हे सगळे कोणाचे, याचा उलगडा त्या नावाने होत नाही. चित्र सुंदर निघाले म्हणून चित्राखालचे नाव बरोबर असतेच असे नाही.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघे आईला घेऊन वैजापूरमार्गे एस.टी.ने औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) आणि तिथून वेरूळला गेलो. वाटेत दौलताबादचा किल्ला लागतो. मुलांना मी तिथे एक गोष्ट सांगितली. १९३४ साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांबरोबर वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले होते. प्रवासाची धूळ अंगावर होती. किल्ल्याच्या दाराबाहेरच्या हौदावर काहींनी हात-पाय धुतले. तेवढ्यावरून पाणी बाटवले म्हणून आरडाओरडा झाला, शिवीगाळ झाली. शेवटी, आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, सोबत हत्यारी शिपाई देऊन त्यांना किल्ला पाहू दिला. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या पुस्तकात ते सापडते.

पडक्या वास्तू पाहायला निघालेला आणखी एक प्रवासी, असे चित्र डोळ्यांसमोर आणा. बॅरिस्टर, परदेशांत शिकलेला, रोमच्या इतिहासाचे दाखले देणारा. लॉर्डाच्या मुलांना पडके खांब पाहताना 'काळ कसा सगळ्यांना गिळतो' असे वाटून गोड उदासी येत असे. तशी उदासी यायला आधी तहान भागलेली असावी लागते.

दहाव्या लेण्यात आई बराच वेळ बसून राहिली. बाहेर आल्यावर तिने वरच्या सज्जाकडे पाहिले आणि मला विचारले, "तिथं वर जाता येतं का रे?" गुडघे दुखतात तिचे. मी म्हटलं, "आई, जिना उंच आहे." ती म्हणाली, "जाता येतं का, एवढंच विचारलं."

आता पडद्याकडे येतो.

आमच्या घरी आई-वडिलांचा एकच जोडीचा फोटो आहे. १९७६ साली लग्नानंतर कोपरगावच्याच एका स्टुडिओत काढलेला. दादा रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाली करायचे. अंगात मित्राचा कोट, बाह्या थोड्या आखूड. आईने पांढरी साडी नेसलेली, कारण लग्न बौद्ध पद्धतीने झाले होते. दोघांच्या मागे मोठा राजवाडा आहे. दोन्ही बाजूंना गोल खांब, वर पानांची नक्षी, मधून रुंद पायऱ्या तळ्याकडे गेलेल्या, तळ्यात हंस. लहानपणी मला वाटायचे की दादांनी आईला कुठेतरी लांब नेले होते.

तो होता स्टुडिओचा रंगवलेला पडदा. युरोपात फोटोचे स्टुडिओ निघाले तेव्हा गिऱ्हाइकामागे खोटे खांब आणि कठडे ठेवण्याची पद्धत पडली. ती मुंबईच्या स्टुडिओंनी उचलली. दुसरीकडे पारशी आणि संगीत नाटक कंपन्यांना राजवाड्याचे, रस्त्याचे, जंगलाचे पडदे लागत. १८५७ साली मुंबईत जे.जे. स्कूल सुरू झाले आणि रेषा दूर नेऊन खोली दाखवण्याची विद्या आपल्याकडे शिकवली जाऊ लागली. पण पडदे रंगवणारे पुष्कळ जण शाळेत न जाता शिकलेले होते. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे भाऊ नाटक कंपन्यांचे पडदे रंगवूनच नावारूपाला आले; बाबूराव पुढे सिनेमात गेले. अशा मोठ्या पडद्यांवरून पाहून पाहून गावोगावच्या पेंटरांनी स्टुडिओचे पडदे केले. आमच्या पडद्यावरचा हंस बदकासारखा दिसतो, खांबांच्या रेषा दोन वेगळ्या बिंदूंकडे जातात. मुलीने लगेच चूक काढली. पण पानिनीचे खांब रोमहून निघून विलायत, मुंबई अशा मजला करत कोपरगावच्या मालधक्क्यापर्यंत आले, हे मला मोठे नवल वाटते.

दादा जाऊन आता सात वर्षे झाली. फोटोला बुरशी लागली होती, कोपरा फाटला होता. परवा तो घेऊन मी नव्या डिजिटल स्टुडिओत गेलो, आई बरोबर होती. पोरगा हुशार होता. त्याने फोटो कॉम्प्युटरवर घेतला, डाग काढले, दादांचा चेहरा उजळ केला. मग म्हणाला, "साहेब, मागचा पडदा जुनाट दिसतो. काढून टाकू का? ताजमहाल आहे, स्वित्झर्लंड आहे. तुमच्यासाठी दीक्षाभूमी पण आहे." त्याने बटण दाबले आणि आई-दादा क्षणात नागपूरला जाऊन उभे राहिले. मागे पांढराशुभ्र घुमट.

मला ते आवडले. खरेच आवडले. दादांना दीक्षाभूमी पाहायची फार इच्छा होती आणि मालधक्क्याच्या पाळ्यांत ते राहून गेले. मी "हेच करा" म्हणणार होतो. मुलगीही म्हणाली, "आजी, हे भारी आहे."

आई पडद्याजवळ वाकली. चष्मा पुसून तिने पुन्हा पाहिले. "हे चांगलं आहे," म्हणाली, "पण इथं आम्ही गेलो नव्हतो."

"आई, त्या राजवाड्यातही तुम्ही गेला नव्हता."

"तिथं गेलो होतो. दोन पडदे होते त्याच्याकडं. एक साधा निळा, एक हा. ह्याचे दोन रुपये जास्त होते. तुझे दादा म्हणाले, हाच लाव. निळ्यापुढं माझ्यासोबत त्यांचा मित्र येऊन उभा राहिला असता तरी चाललं असतं का?" तिचे हे कोडे मला अजून पूर्ण सुटलेले नाही. पण ती पुढे म्हणाली, "सासूबाईंनी फोटो पाहिला तर आधी विचारलं, पायरीवर उभं राहू दिलं का कुणी? आम्ही सांगितलंच नाही त्यांना, की कापड आहे म्हणून."

आजी १९८९ साली वारली. म्हणजे तेरा वर्षे तो फोटो तिच्या डोळ्यांसमोर भिंतीवर होता. तिला खरेच माहीत नव्हते, की माहीत असून ती विचारत नव्हती, हे आता कोण सांगणार?

पोरगा बटणावर बोट ठेवून थांबला होता. मी त्याला खांब, पायऱ्या, हंस सगळे तसेच ठेवायला सांगितले. दीक्षाभूमीचा दुसरा वेगळा काढून घेतला, तो दादांच्या नावाने बुद्धविहारात लावायला. दोन्हींचे मिळून साडेचारशे रुपये झाले.

हिंगणीचे चित्र मुलीने पुरे केले आहे. भिंत, पिंपळ, नदी, मागे वेरूळच्या दहाव्या लेण्याची कमान आणि पुढे स्टुडिओच्या पायऱ्या. पायऱ्यांवर एक बाई टोपले घेऊन उभी. सरांनी पाहून सांगितले, बाकी बरोबर आहे, पण बाई फार मोठी झाली, तिच्यामुळे वाडा लहान दिसतो. परीक्षेत असे करू नकोस. तिने ते वहीत लिहून घेतले. चित्र मात्र खोडले नाही.